समजूतदार झाले नाही

४ जाने.
माणिकपूरला क्लासला. केतकी मॅमनी ॲडमिशनचा इंग्रजी निबंध पुन्हा परत दिला. कॉलेजला ‘तुमच्यात काय बदल झाला’ हे लिहून हवंय, आणि मॅमना माझ्यात बदल दिसत नाही. “शेवटी तू अजून चिडलेलीच आहेस गं. ग्रोथ कुठाय?”
अहो, चिडलेली आहेच. अकरावीचे मार्क बेताचे, सगळी भिस्त निबंधावर. हेच कॉलेज हवंय मला.

७ जाने.
परत वाचला. काय चूक आहे त्यात? गेल्या वर्षीची २६ जानेवारी, जशी झाली तशी. सोसायटीत झेंडावंदनानंतर सत्यनारायण, पूजेला दरवर्षी ओळीने एकेका फ्लॅटचा नंबर. आमचा आला तर सेक्रेटरी काकांनी शेजारच्या परबांना बसवलं. “जोडपं लागतं, बाळा.” बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं, आणि हा माणूस आईसमोर...
झेंड्याचा माइक चालूच होता. घेतला. मेंटेनन्स घेताना जोडपं लागत नाही का, विचारलं. आईने हाताला धरून वर नेलं. प्रसादही नाही खाल्ला.

११ जाने.
के. मॅमनी शेवट स्वतःच लिहून दिला. मी काकांची माफी मागते, मला त्यांची बाजू कळते, आई रडते, सगळे मिळून शिरा खातो. वाचायला छान आहे, खोटं कशाला बोलू. हा पाठवला तर घेतीलसुद्धा.

१३ जाने.
आईला मराठीत करून वाचून दाखवला. चपात्या लाटत होती. मध्येच थांबली.
“मी कधी रडले?”
“मॅमनी लिहिलंय.”
“राग आला होता मला. माझाच. माइक तू घेतलास, मी घ्यायला हवा होता.”
आणि मी वर्षभर समजत होते की मी तिला चारचौघांत मान खाली घालायला लावली. चपाती करपली.

१५ जाने.
माफी काढली. रडणं काढलं. शेवटी लिहिलं: मी समजूतदार झाले नाही. फक्त यापुढे आईच्या वतीने भांडायचं तर आधी आईला विचारीन.
के. मॅम फोनवर, “रिस्क आहे. नाही घेतलं तर?”
नाही तर नाही. त्या माफी मागणाऱ्या मुलीला सीट मिळणार असेल तर तिलाच पाठवा, मी नायगावात बरी आहे. सबमिट केला.

२५ जाने.
कॉलेजकडून काही नाही. खाली मांडव घातलाय, खाडीच्या वाऱ्याने कापड सारखं फडफडतंय.
आईने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: “उद्या पूजेला मी आणि माझी मुलगी बसणार. आमचा नंबर गेल्या वर्षी राहिला होता.” परवानगी मागितली नाही, कळवलं. टाकायच्या आधी मला मात्र विचारलं.
सगळ्यांनी वाचलाय. काकांचं टायपिंग दिसतं, बंद होतं, परत दिसतं.
आई कपाट उघडून उभी आहे. “तू कुठली नेसतेस?”
मला साडी नेसता येत नाही. शिकवते म्हणाली.