पाचवी सवाष्ण

आये, तुला वाचता येत नव्हतं. दवाखान्याचे कागद, लाइटचं बिल, लोकांच्या लग्नपत्रिका, सगळं मीच वाचून दाखवायचे, आणि आज लिहायला बसले तर पहिल्यांदा तेच आठवलं. तुला जाऊन बारा वर्षं झाली. जुईनगरच्या या फ्लॅटमध्ये तू एकदाच राहायला आलीस, तीन दिवस, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हणालीस की इथे शेजारच्या घरात कालवण कसलं शिजतंय तेसुद्धा कळत नाही. मग मी तुला रिक्षाने गावी सोडून आले.

लॅबमध्ये कोणी विचारलं तर आता मी सरळ सांगते, की आमच्या आगरी लग्नांत भटजी यायच्या आधी हळदीपासूनचे सगळे विधी एक बाई गाऊन लावते, तिला धवलारीण म्हणतात, आणि माझी आई धवलारीण होती. कॉलेजात असताना मी हे कोणाला सांगत नसे. तू चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायचीस आणि थापता थापता गायचीस. मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायचे. रसायनशास्त्राची अर्धी सूत्रं मी तुझ्या चालीवर पाठ केली. परीक्षेच्या हॉलमध्ये ओठ हलवत लिहायचे. तुला हे कधी सांगितलं नाही, तुला हसू आलं असतं. दिघ्याच्या कंपनीत नोकरी लागली त्या दिवशी तू मला तुझी हिरवी नऊवारी दिलीस. मी ती नेसणार नाही हे तुला माहीत होतं, तरी दिलीस.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा तू मुलाबद्दल विचारलंस. मी सुट्टीला आले होते, तू मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसली होतीस. आधी डॉक्टरचं नाव काढलंस, मग कुठल्या देवाचं, आणि शेवटी हातातलं काम थांबवलंस.

"मना नीट सांग. तुना नको हाय, का व्हत नाय?"

"नकोय," मी म्हणाले.

तू पुन्हा कोलंबी सोलायला लागलीस. सगळी सोलून संपवलीस. नंतर हात धुताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सगल्या गावचे पोरींना माजा आशीर्वाद लागतं. माजेच पोरीला नको."

ते मला फार लागलं. तू रागावली असतीस तर मी भांडले असते. त्यानंतर मी घरी आले की तू जेवायला वाढायचीस, चौकशी करायचीस, पण माझ्यासमोर गायची नाहीस. मी दारात दिसले की चाल तोंडातच थांबायची. आठ महिने हे चाललं. मला लोक कारण विचारायचे, आणि एखादं कारण सांगून टाकलं असतं तर सगळ्यांचीच सुटका झाली असती: तब्येत, नोकरी, तुझी पाच बाळंतपणं आणि त्यांतली जगलेली आम्ही दोघं. पण तसं काही नव्हतं. मला आई व्हावंसं वाटत नव्हतं, एवढंच. नवऱ्यालाही ते मान्य होतं. मूल हवं असणाऱ्या बाईला कोणी कारण विचारत नाही, मग मीच का द्यावं, असं मला वाटायचं. आजही वाटतं.

आणि मग चुलतभावाची हळद आली. मांडवात नवरदेव पाटावर बसलेला, बाहेर डीजेची गाडी उभी, पोरं तुझं गाणं कधी संपतंय म्हणून ताटकळलेली. हळद लावायला पाच सवाष्णी हव्या होत्या. चौघी झाल्या. तू गाता गाता हाताने मला बोलावलंस. मी उठले, तर काकू मध्ये आली. ती नवरदेवाची आई, तिचंच घरचं कार्य. ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं, की पाचवी पोरंबाळं असलेली हवी, शुभकार्य आहे. मी बसले. खरं सांगते, मला बसायचंच होतं, तिथून नाहीसं व्हायचं होतं.

तेव्हा तू गायची थांबलीस. कडव्याच्या मध्येच. मागून तुझी ओळ झेलून गाणाऱ्या बायका दोन शब्द पुढे गेल्या आणि त्याही थांबल्या. धवला, म्हणजे विधीचं हे गाणं, थांबला की विधी थांबतो, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तू पदर सारखा केलास, पाणी मागितलंस, सावकाश प्यायलीस. काकू म्हणाली, अगं गा की. तू म्हणालीस, "ती हलद लावल, मंग गाईन."

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी काकूनेच हळदीची वाटी माझ्या हातात दिली. घाईत भावाच्या गालाऐवजी कानालाच हळद लागली. आणि तू जिथे सोडलं होतंस तिथूनच उचललंस.

घरी चालत येताना मी विचारलं, तुला पटलं का मग माझं? तू म्हणालीस, नाही पटलं. थोडं चालल्यावर तू सांगितलंस की मी पंधरा दिवसांची असताना तू मला आजीकडे टाकून पलीकडच्या गावच्या लग्नात गायला गेली होतीस. "लोकांनी मना पन नावा ठेवली व्हती. पन मना गाना गावाचा व्हता." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून अंथरुणात होते आणि तू चुलीपुढे गात होतीस.

गेल्या महिन्यात काकू जुईनगरला आली. आता तिला जिना चढवत नाही, नातवाने धरून आणलं. आपल्या आळीतल्या एका मुलीचं लग्न होतं, धवलारीण आजारी पडली होती, आणि काकू म्हणाली की तुझी चाल माझ्याशिवाय कोणाला येत नाही, मीच गायला यावं. मी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. तुझी हिरवी नऊवारी नेसले नाही, साधीच साडी नेसले. सुरुवातीला आवाज चिरकला, पण बायकांनी झेललं आणि पुढे जमलं.

हा कागद कोणाच्या हाती पडणार नाही, म्हणून एक सांगते. नवरीची ओटी भरताना मुलाबाळांच्या ज्या दोन ओळी येतात, त्या मी गाळल्या. काकूने नंतर विचारलं, तेव्हा विसरले म्हणाले. विसरले नव्हते, आये. आणि नवरीला विचारलंही नव्हतं. तिला त्या हव्याही असतील.