स्वेच्छेने

सप्तापूर, धारवाड
१५ जून २०२५

प्रिय अक्का,

पाडव्यापासून तुला पत्र नाही. तुझे दोन फोनही 'वर्गात आहे' म्हणून तोडले. वर्ग कुठले, सुटीच होती. रागावू नकोस.

इकडे सगळे बरे आहेत. हेमावतीनं लोणचं घातलंय, तुझी बरणी वेगळी ठेवली आहे.

सविताबद्दल तुला सांगितलं होतं, अळणावरकडची, बी.एस्सी.ची. उन्हाळी संशोधन योजनेत मी तिला निवडलं होतं. आठ आठवडे माझ्याकडे गवताच्या बियांवर काम. फार नेटकी मुलगी. दुपारी रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मी चिडवायचो, "दात शाबूत आहेत ना गं?" ती म्हणायची, "महिनाभर टिकते सर. तुमच्या बियांपेक्षा बरी!"

पाचव्या आठवड्यानंतर ती आलीच नाही. योजनेच्या फाइलीत कारणाच्या रकान्यात मी 'स्वेच्छेने सोडले' असं लिहिलं. तसं लिहिलं की झालेल्या आठवड्यांचे पैसे बुडतात, आणि पुन्हा अर्जही करता येत नाही. ऑफिसातला प्रशांत म्हणाला, "तेच लिहा सर. नाहीतर वरून विचारतील, मुलीला आगाऊ पैसे का दिले नाहीत?"

या योजनेत पैसे शेवटी मिळतात. ज्यांना तोवर निभत नाही त्यांच्यासाठी आगाऊ रकमेचा अर्ज असतो, तो मार्गदर्शकानं सही करून पाठवायचा. सवितानं मार्चमध्येच भरून दिला होता. ती गेल्यावर तो माझ्या खणात सापडला.

नाही अक्का. ती असतानाच सापडला होता, तिसऱ्या आठवड्यात. मुदत उलटली होती. तिनं विचारलं, "सर, अर्जाचं काही कळलं?" मी म्हटलं, "येतील की पैसे, घाई काय?"

काल बेलूर औद्योगिक वसाहतीच्या बसथांब्यावर भेटली. तिथल्या कारखान्यात पॅकिंगला जाते. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "मला वाटलं, माझा अर्ज नाकारला. खोलीच्या मालकीणबाई रोज भाडं विचारायच्या. तुम्हाला परत परत काय विचारायचं, सर?" आणि वर मलाच म्हणाली, "बिया उगवल्या का?"

उगवल्या. तिच्याच जास्त.

तुझं कॉलेज थांबवून अप्पांनी माझी फी भरली, तेव्हा पाहुण्यांना सांगितलं होतं, "तिनंच नको म्हटलं." मी तिथंच उभा होतो. मीही मान डोलावली होती. पंचवीस वर्षं हे तुला लिहायचं राहिलं. आता दुसऱ्यांदा तेच केलं, या वेळी सहीनिशी.

फाइल मंगळवारी बेंगळुरूला जाते. त्याआधी खरं लिहिलं तर माझं नाव खराब होईल, पुढच्या वर्षी मला विद्यार्थी मिळणार नाहीत. मिळू नयेत.

तुझा, तुझ्या वाटणीचं शिकलेला,
पद्मनाभ

उद्या: दहाला ऑफिस उघडताच फाइल मागून घेणे, 'स्वेच्छेने' खोडून 'माझ्या चुकीमुळे' लिहिणे.