किटलीचा वारस

२३ जून
सासरेबुवांनी आज शेकोटीपाशी जाहीर केलं. गुडघे कुरकुरतात, दरवर्षीची डोंगरातली फेरी यंदा शेवटची. ऑगस्टमध्ये शेवटच्या मुक्कामाला काळी किटली दोन जावयांपैकी एकाच्या हवाली करणार. दोन जावई म्हणजे मी आणि साडू स्टाइनार.

किटली साधी नाही. किटलीवाला शेकोटीपाशी बसतो आणि सगळं घराणं कप घेऊन त्याच्यापुढे उभं राहतं. सासरेबुवा शिखराकडे फिरकतसुद्धा नाहीत. राजा कशाला धावाधाव करील? किटली मिळाली की माझा पहिला हुकूम: स्टाइनार, लाकडं आण. आणि कॉफी त्याला सगळ्यांत शेवटी. गाळासकट.

कारण आहे. गेल्या वर्षी माझ्या पायांना फोड आले, तेव्हा ह्या गृहस्थाने माझी सॅक उचलून नेली. मी सांगितलं नव्हतं. मग नाताळात, डुकराच्या बरगड्या ताटात असताना, माझ्या लंगडण्याची नक्कल करून दाखवली. सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. मी विसरलेलो नाही. बटाटे त्याने दोनदा घेतले, तेही विसरलेलो नाही.

११ जुलै
नवे बूट आणले. बूट आधी पायाला रुळवावे लागतात, हे मला कुणी शिकवायला नको. घरात बूट घातले तर तोरिल (बायको) मलाच बाहेर काढील, म्हणून रोज संध्याकाळी बाल्कनीत खुर्चीवर बसून घालतो. कुठेही टोचत नाहीत. तोरिल म्हणाली, अरे, जरा चालून तरी बघ. तिला ह्यातलं काही कळत नाही.

२९ जुलै
सासूबाईंनी दोघा जावयांना लोकरीचे मोजे विणून पाठवले. जाड, टोचरे. मी दुकानातले पातळ घेतले. स्टाइनार म्हणे लोकरीचेच घालणार. मस्का लावायची एक संधी सोडत नाही.

औषधपेटी मी मुद्दाम माझ्याकडे मागून घेतली. फोडांवरच्या पट्ट्या सगळ्या तीतच. यंदा फोड त्याला येणार. तो येईल आणि मला म्हणेल, ओडवार, एक पट्टी दे ना. मी पेटी सावकाश उघडीन. आणि सावकाश बंद करीन.

७ ऑगस्ट, पहिला मुक्काम
दर विसाव्याला स्टाइनार बूट काढतो. मोजे दगडावर पसरतो, बोटांच्या बेचक्यांत पावडर लावतो. तान्ह्या बाळाचंही कुणी इतकं करत नाही. नखंसुद्धा कापून आलाय. मी बूट काढलेच नाहीत. शिस्त.

उजवी टाच थोडी गरम लागते. रक्त चांगलं फिरतंय. पट्टी लावता येईल, पण त्याच्यासमोर पेटी उघडायची म्हणजे नाताळच्या करमणुकीची सोय करायची. नाही!

८ ऑगस्ट, सकाळी
काल सगळे तंबूत गेल्यावर त्याचे दोरीवरचे मोजे ओल्या गवतात टाकले. सकाळी त्याने सॅकमधून दुसरी कोरडी जोडी काढली. वर हसून म्हणाला, वारा होता वाटतं. इतकी तयारी ठेवणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवू नये.

दुपारी
ओढा लागला. स्टाइनारने बूट काढून गळ्यात अडकवले, जुन्या चपला घालून पलीकडे गेला आणि पाय पुसत बसला. मी बुटांसकट घुसलो आणि त्याला मागे टाकलं! त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. चढ असल्याने वळून बघता आलं नाही. मागून सासरेबुवा ओरडले, वेळेत मागे फिरण्यात लाज नाही! डोंगरातला जुना नियम. स्टाइनारला सुनावला, उघड आहे.

बुटांत पचपच होतंय. सूड असाच वाजत असेल.

संध्याकाळी
बूट घालूनच झोपणार. तोरिलला सांगितलं, अस्वल आलं तर तयारी असावी. ती म्हणाली, इथे अस्वलं नाहीत रे, आणि हा वास आल्यावर येणारही नाहीत.

९ ऑगस्ट, दुपारी
दोन्ही टाचा. डाव्या करंगळीबद्दल लिहीत नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हसून नमस्कार करावा लागतो, रीत आहे. एक आजीबाई थांबल्या. बरं आहे ना, विचारलं. उत्तम, म्हटलं. त्यांनी मला त्यांचं चॉकलेट दिलं. स्टाइनारने बघितलं. ह्याचाही हिशेब होईल.

संध्याकाळी, शेवटचा मुक्काम
आला! स्टाइनार स्वतःहून आला. म्हणाला, ओडवार, पट्ट्या आहेत ना तुझ्याकडे? मी पेटी काढली. सावकाश उघडली. कशाला रे, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

तो म्हणाला, तुझ्या टाचांना. काढ ते बूट, गाढवा, रक्त झिरपतंय.

मोजे टाचांना चिकटले होते. त्याने गुडघ्यांवर बसून ते कोमट पाण्याने सोडवले. पाणी किटलीतलं. पट्ट्या सगळ्या माझ्यावरच संपल्या. वरून सासूबाईंचे मोजे चढवले, त्याच्याकडचे. मऊ आहेत. हे मी कुणाला सांगणार नाही.

१० ऑगस्ट
किटली मला मिळाली.

सासरेबुवा म्हणाले, ह्यात ठरवायचं काय होतं? ज्याचे पाय गेले, तो खाली बसून कॉफी उकळतो, बाकीचे शिखरावर जातात. तरुणपणी त्यांच्याही टाचा अशाच फुटल्या, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी ही किटली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यानंतर शिखरावर येता का, असं त्यांना कुणी विचारलंच नाही. आज मात्र ते शिखरावर निघाले. कुरकुरत्या गुडघ्यांनी, तोरिलचा हात धरून. किटली सुटली म्हणून पोरासारखे खूश.

मी शेकोटीपाशी आहे. पहिला हुकूम देता आला नाही. जाण्याआधीच स्टाइनारने लाकडं आणून माझ्या हाताशी रचून ठेवली.

शिखरावरून खाली सगळ्यांत आधी तोच पोचला. पहिला कप त्यालाच द्यावा लागला.