हातातून न सुटणारा चेंडू

४ मार्च

व्हॉलीबॉलच्या सरावात आज पुन्हा तेच. सर्व्हिसला उभी राहिले, शिट्टी झाली, डाव्या तळहातावर चेंडू — आणि तो वर जाईना! बोटं उघडतच नाहीत. आठ सेकंद संपले. दुसरी शिट्टी, गुण समोरच्यांना. ताल्गात सर म्हणाले, "झाझगुल, झोप लागली का गं उभ्या उभ्या?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

हा चौथा दिवस.

७ मार्च

खालून सर्व्हिस करून पाहिली. त्यातही आधी चेंडू सोडावा लागतोच, आणि तोच तर सुटत नाही! उजव्या हातात धरला तर सुटतो. पण मग मारायचा डाव्याने, आणि तो नेटच्या खालून जातो.

काराकोल शहरातल्या क्लबची निवड १८ एप्रिलला. मला यंदा सतरा संपतील. पुढच्या वर्षी मला त्या वयोगटात घेणारच नाहीत.

१२ मार्च

दवाखान्यातल्या बाईंनी हात वाकवून, दाबून पाहिला. "चमचा सुटतो हातातून?" सुटतो. "मग चेंडूही सुटेल. जा घरी."

आजीचं म्हणणं वेगळंच. दृष्ट! "बाजारात ती बाई तुझी उंची बघत होती, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली." मग अर्चाच्या झाडाच्या वाळक्या फांद्या पेटवल्या आणि धूर माझ्या डोक्याभोवती तीनदा फिरवला. मी खोकत खोकत बसून राहिले. खरं सांगायचं तर मनातून वाटत होतं — होऊ दे, ह्यानेच होऊ दे!

नाही झालं.

२१ मार्च

नोरूझ, नव्या वर्षाचा सण. चौकात गव्हाच्या गोड सुमोलोकची कढई, आणि शाळेच्या मैदानावर शेजारच्या गावाशी सामना. अकरा स्मॅश मारले, अकराही जमिनीवर! उडी मारून वर असते ना, तेव्हा मला काही सुचत नाही, काही आठवत नाही — फक्त हात आणि चेंडू. जगात दुसरं काही इतकं आवडत नाही मला.

पण माझी सर्व्हिसची पाळी आली की सर लगेच मला बाहेर बोलवायचे. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "उंटाएवढी वाढलीय, चेंडू फेकता येईना होय!" माझी मैत्रीण चोल्पोन मैदानातून ओरडली, "काका, तुम्ही या ना, तुम्हालाच फेकते!"

सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी. तोंड धुवायला गेले.

२९ मार्च

बाबांनी मेंढ्यांच्या गोठ्यात आढ्याला चेंडू टांगलाय, जुन्या जाळीत घालून. मला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. सकाळी बोलावलं आणि म्हणाले, "मार."

दोनशे वेळा मारला. काय आवाज येत होता! मेंढ्या कोपऱ्यात चिकटून उभ्या. मग बाबांनी जाळी सोडवली, चेंडू माझ्या हातात दिला. "आता तसाच."

उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. बाबा पेंढ्यावर बसले.

"आणखी काय करू, सांग. मला नाही कळत गं."

बाबांना हे असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दोन हिवाळ्यांपूर्वी घोडी बर्फात अडकली होती, तेव्हासुद्धा नाही.

२ एप्रिल

नाही.

३ एप्रिल

नाही.

९ एप्रिल

सुटला! एकदाच! अंगणात उभी होते, आजीने आतून हाक मारली, मी "आले" म्हटलं — आणि चेंडू वर! मारला, थेट कुंपणापलीकडे. मग दुपारभर आजीला हाका मारायला लावलं. शेवटी ती वैतागली, "माझा घसा गेला, तुझा चेंडू काही जाईना!"

१४ एप्रिल

चोल्पोनला सांगून टाकलं, मी येत नाही. ती पासर आहे, तिची निवड होणारच.

"मुद्दाम करतेस का गं?"

"वेडी आहेस का?"

"मग ये. सातवीपासून मी चेंडू उचलतेय आणि तू मारतेयस. तिथे कुणासाठी उचलू?"

येते म्हणाले.

१८ एप्रिल

पाठीवर २७ नंबर. टेबलाशी क्लबच्या तामारा पेत्रोव्ना, हातात पेन, चेहऱ्यावर काही नाही. स्मॅश चांगले गेले. समोरून येणाऱ्या जोरदार सर्व्हिस उचलायला लावल्या — त्याही उचलल्या, दोनदा पार फरशीवर झोकून देऊन. गुडघा सोलला.

मग सर्व्हिस. शिट्टी. आठ सेकंद. पुन्हा शिट्टी. पुन्हा आठ. तिसऱ्या वेळी मीच चेंडू खाली ठेवला.

तामारा पेत्रोव्ना जवळ आल्या. "कधीपासून?"

"दीड महिना झाला."

"दुखतं?"

"नाही."

काहीतरी लिहून घेतलं, बस.

येताना बाबांनी बाजारापाशी गाडी थांबवली. दोघांनी आशल्यान-फू खाल्लं, थंडगार तिखट नूडल्स.

२३ एप्रिल

क्लबचा फोन. चोल्पोनला घेतलं. मलाही! लिबेरो म्हणून. वेगळ्या रंगाचा शर्ट, कायम मागच्या फळीत, आलेला चेंडू उचलायचा. लिबेरोने सर्व्हिस करायचीच नसते — तसा नियमच आहे.

बाबा किती दिवसांनी हसले! "म्हणजे सुटलीस की गं!"

लिबेरोला स्मॅशही मारता येत नाही, हे त्यांना सांगितलं नाही. मी फोनवर हो म्हणाले.