निरोगी रक्ताची नळी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि घर एकदम गप्प झालं. पाहुणी म्हणून आलीस, माझी सगळी कपाटं लावलीस, वर माझ्या आळसावर व्याख्यान देऊन गेलीस! रक्त दिलंस त्याबद्दल मात्र मनापासून आभार.

त्याचं काय झालं ते सांगते. प्रयोगशाळेत आम्ही मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचे पातळ काप साखरेच्या कोमट द्रवात ठेवतो आणि त्यात एकेकाचं रक्त मिसळतो. रक्तात ग्रंथीला चेतवणारा पदार्थ असला, की काप भराभर साखर जाळू लागतो. आजाऱ्यांच्या रक्ताशी तुलना करायला धडधाकट माणसाचं रक्त लागतं, म्हणून तुझं घेतलं. पण तुझ्या नळीतला कापही साखर जाळत सुटला. नळ्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली असणार. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी चिडून सगळं ओतून टाकलं. या वयातही मला साध्या नळ्या सांभाळता येऊ नयेत?

भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी


१२ फेब्रुवारी

चि. शंकेखोरबाईस,
अ. उ. आ.

माझं रक्त मोरीत ओतलंस होय गं? तुझे भावोजी म्हणाले, हिने मेलेल्या मेंढीलासुद्धा कामाला लावलं!

दुकान जोरात आहे. मी सध्या भिंतीवरचीच घड्याळं दुरुस्तीला घेते. मनगटी घड्याळांचे स्क्रू चिमट्यातून निसटतात; चष्मा बदलायला हवा. बाकी तब्येत झकास. दुप्पट जेवते तरी ब्लाउज सैल होताहेत. जिना चढले की छाती धडधडते, ते वयाचं. पंख्यावरून रोज वाद. मला उकडतं आणि हे शाल पांघरून बसतात. काल त्यांना गिऱ्हाइकांदेखत इतकं टाकून बोलले, की नंतर माझं मलाच रडू आलं. मी अशी कधीपासून झाले गं?

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. नळीबद्दल आमच्या सरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, की स्वतःला तपासून झालं असेल, तर आता ज्या बाईंना तुम्ही निरोगी म्हणता त्यांना तपासा. मी हसले होते. तू आणि आजारी!

ताई, नळ्या बदलल्या नव्हत्या. तुझ्या रक्तातच ग्रंथीला सतत डिवचणारं काहीतरी असावं. वजन, उकाडा, थरथरणारे हात, धडधड, चिडचिड, सगळं त्याच्याशी जुळतं. मी डॉक्टर नाही आणि मेंढीच्या एका कापावरून निदान होत नसतं, हे मला कळतं. पण त्या कापाला पुरे म्हणणारं नळीत कुणी नसतं. तो जाळतच राहतो. तुझ्या हृदयाला हे किती दिवस झेपेल? तुझ्या उत्साहाला आजार म्हणते म्हणून रागावशील. रागाव, पण आधी डॉक्टरांकडे जा. मी उगाच दोन आठवडे स्वतःवर चिडण्यात घालवले.

उत्तराची वाट पाहते.

तुझी,
धाकटी


२९ मार्च

चि. शंकेखोरबाईस,
अ. उ. आ.

रागावले होतेच. माझा कामाचा झपाटा म्हणजे आजार? तुझ्या पत्राला उत्तरच द्यायचं नाही असं ठरवलं. शेवटी तुझे भावोजी म्हणाले, पंखा हवा तेवढा लाव, पण चल. डॉक्टरांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडेचनात. ठोके चुकत होते. आणखी थांबलो असतो तर हृदय हाती लागलं नसतं, म्हणाले. तपासणीत थायरॉइडच निघालं.

गोळ्या चालू आहेत, धडधड निवली आहे. परवा भरदुपारी झोपले, चक्क! त्या टाकून बोलण्याबद्दल यांची माफी मागितली, तर म्हणतात, बरंचसं ग्रंथी बोलली, थोडंफार तूही होतीस.

तू त्या दोन आठवड्यांचं मनाला लावून घेतलंयस. घेऊ नकोस. सगळं पुन्हा करून पाहिलंस, स्वतःलाच चूक ठरवलंस, कारण ताई आजारी असेल हे तुझ्या डोक्यात शिरेचना. इतकं धडधाकट मला आजवर कुणी मानलं नव्हतं. जीव वाचला त्याबद्दल आभार आहेतच, पण ते डॉक्टरांचेही मानते. हे दुसरे आभार मात्र फक्त तुझे.

लोभही ठेव, शंकाही ठेव.

तुझी,
ताई