हद्दीच्या दगडाखालचा कोळसा

मी, देवाजी वल्द कवडू बोरकुटे, वय सहासष्ट, भूमापन खात्यातला निवृत्त चेनमन, राहणार खडकघाट, मंडल वांकिडी, जिल्हा आदिलाबाद, आंध्र प्रदेश, हे मृत्युपत्र आज आपल्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नजर थोडी अधू झाली, पण ओळ सरळ येते. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून बसवलेले नाही, आणि दारू मी सत्त्याहत्तर सालीच सोडली. जीव मात्र एका जागी बसत नाही. एवढे लिहीपर्यंत तीनदा उठून दार पाहून आलो. दारात कोणी नव्हते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण केले असते तर खरे लिहावे लागले असते.

कलम एक. राहते घर, मागचे अंगण आणि गोठा माझा पुतण्या मोतीराम वल्द रामाजी याला द्यावा. त्याची आई आधीच गेली होती आणि बाप गेला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. माझी बायको भागाबाई, जी आता हयात नाही, हिने त्याला पोटच्यासारखे केले; आम्हांला मूल नव्हते. घराच्या छपराचे कवेलू पावसाआधी फेरायला मी त्याला दरवर्षी सांगतो आणि तो दरवर्षी उद्या म्हणतो. आता गळके घर त्याचेच आहे, त्याने खुशाल भिजावे.

कलम दोन. पोस्टातली बचत मोतीरामच्या मुलीच्या शिक्षणाला लावावी. तिचे लग्न त्यातून करू नये.

कलम तीन. माझी जुनी जरीब, म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी, शेजारच्या कुसुमबाई मास्तरीण यांच्या शाळेला द्यावी. कड्या सगळ्या शाबूत आहेत. पोरांना जमीन कशी मोजतात ते दाखवावे, आणि एक गोष्ट सांगावी जी पुस्तकात नसते. हद्दीचा दगड पुरण्याआधी खड्ड्यात कोळसा टाकतात. कोळसा मातीत कुजत नाही. पुढे दोन वावरवाल्यांत वाद झाला की दगड काढून खाली पाहायचे. कोळसा निघाला तर दगड खरा. नाही निघाला तर कोणीतरी रातोरात सरकवलेला. आमच्या खात्यात माणसाच्या शपथेपेक्षा त्या कोळशावर जास्त भरवसा होता. मोठी पहार मात्र शाळेला देऊ नये. ती कलम सहासाठी लागेल.

कलम चार. सुधाकरराव, माजी पटवारी, यांनी माझी काळी छत्री एकोणऐंशी साली पोळ्याला नेली ती अजून त्यांच्याकडे आहे. छत्री त्यांनाच ठेवू द्यावी. माझ्या मयताला ते आले तर बसायला जागा द्यावी, बोलायला देऊ नये. ते माझ्याबद्दल चांगले बोलतील आणि मला तेच नको आहे.

पाणी पिऊन आलो. आता पुढचे.

कलम पाच. आमचे वडिलोपार्जित वावर, सर्व्हे नंबर एक्केचाळीस, निम्मे माझे आणि निम्मे थोरले भाऊ रामाजी यांचे. माझा हिस्सा पूर्वेकडचा, पण मी नोकरीत, म्हणून दोन्ही हिस्से रामाजीच कसत असे. त्याला लागून बेचाळीस नंबर, खुशाल लोनबले याचा. खुशाल माझ्याच वयाचा. दोघे एका पाटीवर शिकलो. अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात तो वावरात गेला आणि परत आला नाही. आठ दिवस गावाने घाट धुंडाळला, मीही धुंडाळला. कोणी वाघ म्हणाले, कोणी खाणीत कामाला पळाला म्हणाले. पोलीस आले, लिहून घेतले, जेवून गेले. तेव्हापासून आमच्याकडे म्हणतात की खडकघाट माणसे गिळतो. घाटाने कोणाला गिळलेले नाही. हे मी लिहून देतो.

त्रेसष्ट साली फेरमोजणी आली. मोजणीच्या दिवशी ज्याचे वावर त्याने मोजणीवाल्यांना जेवू घालायचे ही इकडची रीत. त्या दिवशी पाळी बेचाळीस नंबरची होती. खुशालची बायको रुक्माबाई हिने बांधावर तीन दगडांची चूल मांडून आम्हांला ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण झाल्यावर सर्व्हेअर साहेब आंब्याखाली आडवे झाले आणि मला म्हणाले, मधला दगड तपास. मी पहारीने दगड कलता केला आणि हाताने माती उकरली. कोळसा नव्हता. मी आणखी खोल हात घातला. हाताला चांदीचे कडे लागले, आणि कड्यात हाड होते.

कडे मी ओळखले. खुशालला ते सासऱ्याने लग्नात घातले होते, त्यावर दोन मोर आहेत. दगड कोणी सरकवला तेही कळले, कारण तो बेचाळीस नंबरात सहा गुंठे आत घुसला होता आणि ते सहा गुंठे आमच्याकडे आले होते. माझ्या भावाने विचार बरोबर केला होता. हद्दीच्या दगडाखाली गावात कोणी खणत नाही, तो गुन्हा आहे. चेनमनचा भाऊ असून कोळसा तेवढा तो विसरला.

मी काय केले ते आता लिहितो. मी कडे काढून जरीबीच्या पिशवीत टाकले. चुलीजवळ गेलो. रुक्माबाई भांडी घासायला नाल्यावर गेली होती. तिच्या चुलीतला विझलेला कोळसा मी ओंजळभर उचलला, खड्ड्यात टाकला, माती लोटली आणि दगड परत बसवला. मग हाक मारली, "साहेब, कोळसा आहे." साहेबांनी येऊन वरवर पाहिले आणि दगड कायम केला. एका ओंजळीत खोटा दगड खरा झाला, खुशाल मातीखाली राहिला आणि त्याच्या बायकोचे सहा गुंठे गेले.

संध्याकाळी गोठ्यात मी रामाजीला विचारले. तो बैलाला चारा टाकत होता. म्हणाला, "वावराच्या धुऱ्यावरून भांडण झालं. म्या फक्त ढकललं. दगडावर डोकं पडलं त्याचं. मारायचं नव्हतं, देवा." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "कोळसा टाकला ना तू? मंग आता काय बोलतं."  पंचवीस वर्षे होत आली, अजून कोणाकडे बोललो नाही.

आणखी एक आहे. ते याहून वाईट आहे, म्हणून मघापासून टाळत होतो.

आमच्याकडे माणूस हरवला तर बारा वर्षे वाट पाहतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि बाई कुंकू पुसते. सत्तर साली खुशालला बारा वर्षे झाली. रुक्माबाई माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊजी, सासरचे म्हंते पुतळा जाळ. तुमी मोजणीसाठी गावोगाव फिरून राह्यले. कुठं काई कानावर आलं असंन तर सांगा. नाई तर मी उद्या पानं तोडते." मी नाही म्हटले असते तर सुटली असती. पण खुशाल मेला असे ठरले की वावराचा फेरफार होणार, फेरफार झाला की मोजणी येणार आणि तो दगड पुन्हा निघणार, एवढेच माझ्या डोक्यात आले. मी म्हणालो, "बल्लारशाच्या ठेसनावर त्याच्यासारखा माणूस एकानं पाह्यला म्हंते."

तिने पाने तोडली नाहीत. दुसऱ्याच दिवशी भाकरी बांधून बल्लारशाला गेली आणि चार दिवस स्टेशनावर उभी राहिली. तेव्हापासून दर कार्तिकात जाते. अठरा वेळा गेली. मी मोजले आहे, मोजायचीच सवय आहे मला.

रामाजी तिला पहिल्यांदा जाताना पाहत होता. घरी येऊन म्हणाला, "मी सांगून टाकतो तिले. हे पाह्यलं नाई जात." मी त्याला अडवले. म्हणालो, माझी नोकरी जाईल, तुझे पोरगे उघडे पडेल. चार महिने मी त्याला अडवत राहिलो. एकाहत्तरच्या शिमग्यानंतर तो घोंगडे घेऊन घाटाकडे गेला तो आलाच नाही. गाव म्हणाले, खडकघाटाने दुसरा गिळला. तो कुठे गेला हे मला माहीत नाही. खुशालचे मला माहीत होते, याचे माहीत नाही. घोंगडे पांघरलेला कोणीही दिसला की मी तोंड पाहायला पुढे होतो. वाट पाहणे काय असते ते मला असे कळले आणि तरीही मी तिला सांगितले नाही.

त्र्याऐंशी साली मोतीरामच्या हातून रामाजीचा पुतळा केला. पाने टाचायला बायका आल्या त्यांत रुक्माबाई होती. स्वतः घाटातून पळसाची पाने घेऊन आली होती. टाचता टाचता म्हणाली, "तुमाले तर कोणी दिसला म्हणून सांगितलं नाई ना भाऊजी? मंग जाळा. सुटते माणूस." मी गोठ्यात जाऊन रडलो.

कलम सहा. सबब असे लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात एक्केचाळीस आणि बेचाळीसमधला मधला दगड पंचांसमक्ष काढावा. खाली कोळसा निघेल, तो खोटा समजावा. त्याखाली खणावे. जे निघेल ते रुक्माबाईच्या ओटीत द्यावे. पोलिसांनी काय लिहायचे ते लिहावे. दगड सहा गुंठे मागे, त्याच्या मूळ जागी बसवावा. जुन्या दगडाचा कोळसा तिथे अजून असेल. ते सहा गुंठे माझ्या हिश्शातून रुक्माबाईचे, बाकीचा हिस्सा मोतीरामचा. दफ्तरात नवरा असलेल्या बाईच्या नावापुढे जोजे लिहितात आणि नसलेलीच्या पुढे बेवा. तिने प्रत्येक कारकुनाशी भांडून "जोजे खुशाल" असेच लिहायला लावले आहे. त्या शब्दाला मीच टेकू दिला.

कलम सात. चांदीचे कडे ज्वारीच्या कणगीत, तळाशी, फडक्यात आहे. ते रुक्माबाईचे.

मोतीराम, तुझ्या बापाने मुद्दाम केले नाही आणि नंतर त्याला सांगायचे होते. नाही सांगू दिले ते मी. राग धरायचा तर माझ्यावर धर.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

वरील मजकूर साक्षीसाठी कुसुमबाई मास्तरीण यांना दाखवला. त्यांनी उभ्याउभ्या सगळा वाचला आणि पेन माझ्या हातात परत दिले. म्हणाल्या, "भाऊ, मी सही नाई करत."

"काऊन?"

"हे रुक्माबाईनं तुमच्या तेरवीले ऐकावं काय? तुमी अजून धा वर्षं जगले तर ती धा वेळा बल्लारशाले जाईन. तिचं घर इथून शंभर पावलं आहे."

मी म्हणालो, शंभर नाही, एकशे चाळीस आहेत. त्या चप्पल घालून गेल्या आणि तिला घेऊन आल्या. येताना वाटेत सुधाकरराव पटवारी भेटले, दुसरा साक्षीदार म्हणून तेही आले. छत्री सोबत होती. मोतीराम वावरातून आला होता, त्यालाही मी बसवले. कुसुमबाईंनी कलम पाच, सहा आणि सात मोठ्याने वाचले. मी भिंतीकडे पाहत होतो.

वाचून झाल्यावर रुक्माबाईने एवढेच विचारले, "कोळसा माह्याच चुलीतला?"

मी हो म्हणालो.

कणगीतून कडे काढून मी तिच्यासमोर ठेवले. तिने ते पदराने पुसले आणि मुठीत धरले. मी म्हणालो, वहिनी, मी गेल्यावर सगळे तुमच्या मनासारखे होईल, तसे लिहून ठेवले आहे.

ती म्हणाली, "तुमच्या मरनाची वाट काऊन पाहू मी? एकाची पाह्यली तेवढी बस झाली."

 मग मोतीराम उठला. माझ्याकडे न पाहता रुक्माबाईला म्हणाला, "काकी, सकाळी पहार मी घेऊन येतो." तो घरी जेवायला थांबला नाही.

सबब कलम सहामधील "माझ्या पश्चात" हे शब्द मी खोडून तिथे "उद्या सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत" असे लिहिले आहे. कलम सातमधील कडे आजच हाती दिले आहे, म्हणून ते कलम रद्द. खोडाखोड माझी आहे आणि तिच्याजवळ सही केली आहे. हद्द दाखवायला मी स्वतः जाईन. नंतर जे होईल त्याला मी हजर राहीन. बाकीचे मृत्युपत्र कायम.

स्थळ: खडकघाट. दिनांक: ९ मार्च १९८८, बुधवार.

सही: देवाजी कवडू बोरकुटे

साक्षीदार एक: कुसुमबाई, शिक्षिका, खडकघाट. सर्व वाचून सही केली.

साक्षीदार दोन: सुधाकरराव, माजी पटवारी. कलम चार त्यांना वाचून दाखवलेले नाही.

ऐकून घेतल्याबद्दल अंगठा: येथे कुसुमबाईंनी सवयीप्रमाणे "रुक्माबाई जोजे" एवढे लिहिले होते. रुक्माबाईने हात धरला आणि ते खोडायला लावले. म्हणाली, "बेवा लिवा."

रुक्माबाई बेवा खुशाल लोनबले. डाव्या हाताचा अंगठा.