आरशातले टाके

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ ऑगस्ट २००२

प्रिय संघप्रिया,

अनेक आशीर्वाद. तुम्हा चौघांची कॅसेट काल कुरियरने आली. आमच्याकडे सगळं ठीक. पंचगंगेचं पाणी चढलं होतं, ते उतरलं.

तुमचे सर जोतीराम आणि मी एका वर्गातले. त्यांनी मला हे शिकवायचं विचारलं तेव्हा मी हसले होते. जखमेला टाके घालायला शिकवायचं, आणि तेही मराठवाड्यातल्या मुलांना, कोल्हापुरात टीव्हीसमोर बसून? पण तुमच्या कॉलेजात शिकवणारी माणसं कमी आणि इकडे मी रिकामी. गुडघ्यांमुळे तासन्‌तास उभं राहणं होत नाही, म्हणून मी ऑपरेशनं थांबवली आहेत. डोळे मात्र शाबूत आहेत. तेव्हा तुम्ही फोमवर टाके घालायचे, हातांचं चित्रण करून पाठवायचं आणि मी प्रत्येकाला वेगळं लिहायचं, असं ठरलं.

आता तुझं. स्पष्ट लिहिते. आमच्या कोल्हापुरात गोड बोलायची पद्धत नाही. तुझा हात प्रत्येक टाक्याआधी थबकतो. सुई सरळ खुपसतेस. ती वाकडी केलेली आहे ती उगाच नाही, तिच्या वळणाने मनगट फिरव. गाठ मारताना दोरा इतका ओढतेस की कडा चुरगळतात. कडा एकमेकींना नुसत्या भेटायला हव्यात. तुला भीती वाटते की कंटाळा येतो, मला कळेना. तुझ्या शेजारच्या राजवीरचा हात बघ, किती मोकळा चालतो.

एक गोष्ट मात्र आहे. तुझ्या टाक्यांमधलं अंतर चौघांत सगळ्यात सारखं आहे. नजर चांगली आहे तुझी.

पुढची कॅसेट महिन्याभरात येऊ दे.

डॉ. संयोगिता सरनोबत


राजारामपुरी, कोल्हापूर
३ ऑक्टोबर २००२

प्रिय संघप्रिया,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि दुसरी कॅसेट, दोन्ही मिळालं. तू आमच्याच जिल्ह्यातल्या कबनूरची, वडील मागावर कामाला, हे पत्रावरून कळलं. म्हणजे आपली शेजारीणच की! इतक्या लांब कॉलेज मिळालं म्हणून इतकी लांब ओळख.

या खेपेला तुझे टाके संपले तरी कुणी कॅमेरा बंद केला नव्हता. मीही टीव्ही बंद केला नाही, चहा घेत बसले होते. सुई खाली पडली. तू ती डाव्या हाताने उचललीस आणि तुझ्याही नकळत फोमच्या कोपऱ्यात एक टाका घातलास. न थबकता. मनगट असं फिरलं की मी कप खाली ठेवला आणि कॅसेट मागे घेऊन पुन्हा पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली.

अगं, तू डावरी आहेस. हे का नाही लिहिलंस? उजव्या हातानेच शिवायचं असं तिथे सांगितलं असणार. मलाही हेच शिकवलेलं, आणि मी कधी प्रश्न विचारला नाही.

मग मी कपाटाचा आरसा काढवला. आमचे हंबीरराव तो टीव्हीसमोर धरून उभे राहिले. ते दूधसंघात आयुष्य घालवलेले, कुरकुरले, "ह्या वयात टीव्हीला आरसा दाखवायला लावतीस व्हय?" पण आरशात बघितल्यावर तुझा डावा हात मला उजवा दिसला आणि सगळं समजायला लागलं. तूही तसंच कर. राजवीरची कॅसेट आरशात बघ, तुला तुझा हात दिसेल.

नीडल होल्डरचं, म्हणजे सुई धरायच्या चिमट्याचं, कुलूप उजव्या अंगठ्यासाठी बनवलेलं असतं. अंगठा बाहेर ढकलला की ते सुटतं. डाव्या हातात तोच अंगठा आत ओढावा लागतो. हे पुस्तकात नाही. आठवडाभर मी डाव्या हातात होल्डर घेऊन बसले तेव्हा उमगलं. टाके तू डावीकडून उजवीकडे घालत जा.

"मॅडम, एकदा तुमचे हात दाखवा, तुम्ही कसं करता ते बघायचंय," असं तू लिहिलंस. हंबीररावांना कॅमेरा चालवता येत नाही. बघू पुढे कधीतरी.

तुझी
संयोगिता सरनोबत


राजारामपुरी, कोल्हापूर
२० जून २००३

प्रिय संघप्रिया,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. आज संपवणार आहे.

आधी कामाचं. तू इंटर्न म्हणून कॅज्युअल्टीत होतीस. सायकलवरून पडलेली शाळकरी मुलगी आली, भुवई मधोमध फाटलेली. वॉर्डबॉय भुवई भादरायला निघाला आणि तू त्याला थांबवलंस. शाबास. भुवई काढली की कड कुठे जुळवायची ते कळत नाही. मग तू डाव्या हाताने शिवायला घेतलंस आणि अर्ध्यात तुझे वरिष्ठ आले. "डाव्या हाताने माझ्या कॅज्युअल्टीत शिवायचं नाही," असं त्या मुलीच्या आईसमोर म्हणाले, तुझ्या हातातून होल्डर काढून दुसऱ्याला दिला. टाके काढल्यावरचा फोटो तू पाठवलास, आणि सर्जरीचा नाद सोडते, पॅथॉलॉजी घेते, असं खाली लिहिलंस.

फोटो मी भिंग घेऊन पाहिला. नाकाकडची अर्धी भुवई तुझी आहे. कुणी सांगायची गरज नाही. तिथे केसांची रेघ कुठे तुटली हे शोधावं लागतं. कानाकडच्या अर्ध्या भागात पायरी पडली आहे, ती तशीच राहणार. मी पंचवीस वर्षं शिवलं, आणि तुझ्याइतकी असताना मला अशी भुवई जमली नव्हती. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बरं वाटावं म्हणून मी कुणालाच काही लिहीत नाही.

आता दुसरं. मे महिन्यात तू कबनूरला आलीस आणि इथे येऊन गेलीस. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी ठेवून गेलीस. हंबीररावांनी मी गावाला गेल्याचं सांगितलं. मी गेले नव्हते. आतल्या खोलीत पडद्यामागे बसले होते. तुझा आवाज ऐकत होते. तुझा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, कारण कॅसेटमध्ये फक्त तुझे हात असतात.

तू गेल्यावर हंबीरराव आत आले. उभ्या आयुष्यात ते माझ्यावर फार वेळा रागावले नाहीत. म्हणाले, "पोरीशी माझ्याकडनं खोटं बोलवून घेतलंस. पुन्हा न्हाय सांगणार मी."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. उजवा हात थरथरतो. साध्या हर्नियाच्या ऑपरेशनात दोरा कापताना कात्रीचं टोक हललं. पेशंटला काही झालं नाही, पण मी त्याच आठवड्यात थांबले. औषध चालू आहे. हा आजार हळूहळू वाढणारा आहे. गावभर गुडघ्यांचं सांगितलं, जोतीरामलाही तेच. सर्जनचा हात हलतो हे बोलायला माझी जीभ उचलेना.

आजवरची पत्रंही मी सांगायची आणि हंबीररावांनी लिहायची. त्यांना कॅमेरा चालवता येत नाही हे वाक्यही त्यांनीच लिहिलंय, तोंड वाकडं करून. त्यांना उत्तम चालवता येतो. हे पत्र मात्र माझ्या हातचं आहे, म्हणून ओळी अशा नागमोडी.

सोबत कॅसेट आहे. तू मागितलेले हात त्यात आहेत. सुरुवातीला उजवा. तो नीट बघ, मान फिरवू नकोस. पुढे डावा. हा हात मला तू दिलास. तुला शिकवायला म्हणून मी तो वापरायला लागले आणि सोडू शकले नाही. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या पायावर टाके घातलेत. कच्चे आहेत. तू लिही त्यांच्यावर, आणि सौम्य लिहू नकोस.

मी सगळ्या नियमांप्रमाणे उजव्या हाताची सर्जन होते. तो हात गेला आणि उरलं काय, तर नजर आणि दुसऱ्याचं काम बघायचा धीर. तुझ्याकडे हे दोन्ही आहे आणि हातही आहे. एका माणसाच्या बोलण्यावरून तो टाकून देऊ नकोस. पॅथॉलॉजी घ्यायची असेल तर आवडीने घे, हाकलली म्हणून नको.

जोतीरामला मी आज फोन करून सगळं सांगितलं, माझं आणि तुझंही. तो म्हणाला, त्या वरिष्ठाशी मी बोलतो.

तुझी
संयोगिता


राजारामपुरी, कोल्हापूर
४ जुलै २००४

प्रिय संघप्रिया,

सर्जरीला प्रवेश मिळाल्याची बातमी जोतीरामने तुझ्याआधी कळवली. तुझं पत्र मागाहून आलं, तेही तेवढ्याच आनंदाने वाचलं. हंबीररावांनी गल्लीत पेढे वाटले. लोक विचारायला लागले, कोण पास झालं? ते म्हणाले, "आमची पोरगी हाय की, कबनूरची."

पहिल्या दिवशी युनिटच्या मॅडमनी तुला कुठला हात म्हणून विचारलं आणि ऑपरेशनच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं, एवढंच, असं तू लिहिलंस. मी ते वाक्य हंबीररावांना मोठ्याने वाचून दाखवलं. एवढंच लागतं बघ. कुणीतरी विचारायचं आणि बाजू बदलून द्यायची.

माझ्या टाक्यांवर तू गेल्या वर्षापासून जे लिहीत आलीस ते सगळं वाचलं आहे. तू कडक आहेस. बरोबरही आहेस. माझा डावा कोपर अंगाला चिकटतो हे मला कुणीच सांगितलं नसतं. हल्ली उजवा हात मांडीखाली दाबून बसावं लागतं, पण डाव्याने सकाळचा तास चुकवत नाही.

जोतीरामच्या नव्या तुकडीच्या कॅसेट आल्या आहेत. त्यात दोन मुलं डावरी आहेत. या खेपेला त्यांनी पहिल्याच चिठ्ठीत तसं लिहिलंय. एकाचा हात घाबरतो. दुसरीचा फार घाई करतो. मी दोघांनाही काही लिहिलेलं नाही.

त्यांच्या कॅसेट या पत्रासोबत तुझ्याकडे पाठवते. त्यांना तू लिही.

तुझ्या हातांवर विसंबलेली,
संयोगिता